शिशाच्या टोपीपासून सुती घडीपर्यंत : नर्सिंग पॅडचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास

१) एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये बाळंतिणीसाठी एक लहानशी डबी विकत मिळे. तीत धातूच्या दोन टोप्या असत. त्या स्तनाग्रांवर बसवायच्या. म्हणजे चिरा भरून येतील, वस्त्राचे घर्षण टळेल आणि गळणारे दूध कपड्याला लागणार नाही, असे सांगितले जाई. डॉ. वॉन्सब्रो यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या टोप्या त्यांपैकीच. त्या टोप्या शिशाच्या होत्या. आईने टोपी काढून बाळाला छातीशी धरले की दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर शिसेही बाळाच्या पोटात जाई.

आज औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या नर्सिंग पॅडची ही एक पूर्वज. या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या इतिहासात अनेक तान्ह्या जिवांची किंमत मोजली गेली आहे. 🧵

२) प्रथम गरज समजून घेऊ. मराठीत तिच्यासाठी एक सुंदर शब्द आहे : पान्हा. बाळ रडले, नुसते आठवले, तरी आईला पान्हा फुटतो. एका बाजूने पाजत असताना दुसऱ्या बाजूनेही दूध वाहू लागते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे विशेष घडते. पुढे बाळाची भूक आणि दुधाची निर्मिती यांचा मेळ बसला की बहुतेकींच्या बाबतीत गळती कमी होते.

३) भाषेला ठाऊक असलेली ही गोष्ट विज्ञानाला उलगडायला विसावे शतक उजाडले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवले. तोच अर्क दूध बाहेर लोटतो, हे ऑट आणि स्कॉट यांनी १९१० मध्ये शेळीवरील प्रयोगांत पाहिले. ऑक्सिटोसिन हे त्यामागचे संप्रेरक विन्सेंट दु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत घडवले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. पान्हा आईच्या इच्छेवर अवलंबून नसतो, हे असे सिद्ध झाले. इच्छेने थांबत नाही म्हणूनच तो टिपण्यासाठी काहीतरी लागते.

४) ते ‘काहीतरी’ बहुतेक काळ घरातच होते. बाळ कुशीत, वस्त्र सैल आणि कपड्यांच्या गाठोड्यात धुऊन धुऊन मऊ झालेले जुनेर. त्याची घडी चोळीत सरकवली की काम भागे. ओली झाली की धुवायची, उन्हात वाळवायची. या घडीला स्वतंत्र नाव नव्हते, म्हणून तिचा इतिहासही कोणी लिहिला नाही.

५) प्राचीन वैद्यांनी दुधाकडे मात्र बारकाईने पाहिले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य सोरेनस याने धात्रीच्या, म्हणजे दूध पाजणाऱ्या दाईच्या, दुधाचा थेंब नखावर टाकून तो कसा पसरतो हे तपासायला सांगितले. आयुर्वेदातही पाण्यात टाकले असता एकजीव होणारे स्तन्य शुद्ध मानले आहे. दुधाची परीक्षा अशी झाली. पण दुधाच्या वाटेवर, त्वचेला लागून काय ठेवले आहे, याची परीक्षा व्हायला आणखी पुष्कळ शतके जायची होती.

६) युरोपात सोळाव्या शतकापासून स्तनाग्रावर बसवायच्या टोप्यांचे उल्लेख आढळतात. लाकूड, मेण, शिंग, हस्तिदंत, कथील, चांदी, काच अशा नाना पदार्थांच्या त्या बनत. आकार लहानशा हॅटसारखा. शिसे त्यांत लोकप्रिय झाले, कारण ते स्वस्त, मऊ, हव्या त्या आकारात सहज ठोकता येणारे आणि सुजलेल्या त्वचेला गार लागणारे होते. सोय डोळ्यांना दिसत होती; विष दिसत नव्हते.

७) अठराव्या शतकात या गरजेला आणखी एक बाजू आली. तोवर युरोपातील धनिक घरांत बाळ दाईकडे सोपवण्याची प्रथा होती. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५२ मध्ये या प्रथेविरुद्ध प्रबंध लिहिला आणि १७५८ मध्ये एका संपूर्ण प्राणिवर्गाचे नावच स्तनांवरून ‘मॅमेलिया’ असे ठेवले. १७६२ मध्ये रूसोने ‘एमिल’ या ग्रंथात मातांनी स्वतः पाजावे असा आग्रह धरला. उच्चभ्रू स्त्रीने अंगावर पाजणे हे आता सद्गुणाचे आणि हळूहळू फॅशनचेही लक्षण ठरले.

८) जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने १७९६ मध्ये हे नेमके टिपले. त्याच्या चित्रातील श्रीमंत बाई बाहेर जाण्याच्या पोशाखात खुर्चीच्या कडेवर टेकली आहे. झग्याला दोन फटी आहेत, दासीने धरलेले बाळ त्यांतून दूध पीत आहे, खिडकीबाहेर बग्गी खोळंबली आहे. भिंतीवरील तसबिरीचे नाव आहे ‘मातृप्रेम’. चित्र बोचरे आहे. पण त्यात एक खरा पेच आहे. आईने पाजावेही आणि समाजात डागविरहित वस्त्रात मिरवावेही, या दोन्ही अपेक्षा एकाच स्त्रीकडून होऊ लागल्या होत्या.

९) शिशाच्या टोपीत काय घडे? ऊब, ओल आणि दूध आंबल्यावर तयार होणारे लॅक्टिक आम्ल यांच्या संयोगाने धातूचा अंश विरघळे आणि विद्राव्य क्षार बने. त्याचा थर त्वचेवर राही. प्रौढ माणसाच्या आतड्यांतून पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शोषला जातो. तान्ह्या मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या घरात जाते. पोटशूळ, पांढुरका पडलेला चेहरा, आचके ही त्याची लक्षणे. आणि आचके तर दात येतानाही येतात, अशी त्या काळची समजूत! त्यामुळे संशय टोपीवर न जाता दातांवर जाई.

१०) हाच धडा जपानने वेगळ्या वाटेने शिकला. तेथे स्तनपान करणाऱ्या मातांच्या बाळांना मेंदूज्वरासारखा एक गूढ आजार होत असे. क्योटो विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी १९२३ मध्ये त्याचे मूळ शोधले : ती शिशाची विषबाधा होती आणि शिसे येत होते आईच्या पांढऱ्या सौंदर्यचूर्णातून. तेथे टोपी नव्हती, पॅड नव्हते; तरीही तत्त्व तेच होते. आईच्या अंगाला जे लागते, ते बाळाच्या तोंडी लागते.

११) काचेची टोपी निर्विष होती. व्हिक्टोरियन काळात गळणारे दूध साठवणारी काचेची लहान पात्रे कॉर्सेटच्या आत घालत. पण काच फुटते, टोचते आणि अंगाच्या उबेत साठलेले दूध नासते. दूध अडवण्याऐवजी टिपायला हवे होते. त्यासाठी शोषक पदार्थ हवा होता आणि तो आला रणांगण व शस्त्रक्रियागृह यांच्या मार्गाने.

१२) कच्चा कापूस पाणी टिपत नाही, हे ऐकून आश्चर्य वाटेल. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो काढला की तोच कापूस शोषक होतो. जर्मन शल्यविशारद व्हिक्टर फॉन ब्रुन्स यांच्या या कल्पनेवर पाउल हार्टमान यांनी १८७३ मध्ये असा कापूस कारखान्यात बनवण्यास आरंभ केला. १८८० मध्ये बर्मिंगहॅमच्या सॅम्प्सन गॅमजी यांनी जाळीदार कापडाच्या दोन थरांमध्ये शोषक कापूस ठेवून जखमेसाठी गादी बनवली. आजच्या सर्व पॅडची रचना हिच्यातच दिसते.

(बर्मिंगहॅम परिसरात कापसालाच ‘गॅमजी’ म्हणू लागले. तेथे बालपण घालवलेल्या टोल्किन यांच्या कादंबरीतील सॅम गॅमजीचे आडनाव याच शब्दातून आले!)

१३) पहिल्या महायुद्धात कापूस महागला. अमेरिकेतील किंबर्ली-क्लार्क या कागद कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून ‘सेल्युकॉटन’ हा मऊ, अतिशोषक पदार्थ तयार करून सैनिकांच्या मलमपट्टीसाठी पुरवला. युद्ध संपले आणि माल पडून राहिला. लष्करी रुग्णालयांतील परिचारिका तो मासिक पाळीत वापरत होत्या. तेथून १९२० मध्ये ‘कोटेक्स’ बाजारात आले. वापरून टाकून द्यायची शोषक वस्तू स्त्रियांच्या दैनंदिन जीवनात शिरली ती अशी.

१४) पुढचा टप्पा जलरोधक अस्तराचा. अमेरिकेच्या मेरियन डोनोव्हन यांनी १९४६ मध्ये न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापून बाळाच्या लंगोटावरचे आवरण शिवले; १९५१ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. नंतर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची भुकटी आली. आजच्या टाकाऊ नर्सिंग पॅडमध्ये हा सारा इतिहास थरांनी रचलेला असतो : त्वचेलगत मऊ पापुद्रा, मध्ये लगदा आणि पॉलिमर, बाहेर जलरोधक अस्तर.

१५) वस्तू सुधारत गेली, पण एक प्रश्न बाजूलाच राहिला. पान्हा फुटतो तेव्हा बाळ कोठे असते? जुनेराच्या घडीला पुरेसे ठरवणारी पहिली अट होती आईजवळ असलेले बाळ. कारखान्याच्या भोंग्याने तीच मोडली. मुंबईच्या कापड गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो स्त्रिया राबत. घरी ठेवलेले तान्हे झोपून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी देण्याची चाल होती. जगाला कापड पुरवणाऱ्या या शहरात कापड विणणारीचे दूध तिच्याच चोळीत जिरत होते आणि बाळाच्या तोंडी अफू जात होती.

१६) या पेचावरचे उत्तर कायद्याकडे होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या ठरावाने स्तनदा मातेला कामाच्या वेळेत दोनदा अर्ध्या तासाची सुटी मान्य केली. मुंबई विधिमंडळात २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. भारतातील अशा कायद्यांचा तो आरंभ.

१७) १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी ‘हिरकणी कक्ष’ दिसतात. तान्ह्याच्या ओढीने रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीची लोककथा सर्वांना ठाऊक आहे. तिला अडवणारे दरवाजे गडाचे होते; आजच्या आईचे दरवाजे कचेरीचे, लोकलचे आणि लोकांच्या नजरांचे आहेत.

१८) मग आज पॅड निवडावे कसे? इतिहासाने दिलेली कसोटी सोपी आहे : ही वस्तू कपड्याआधी त्वचेसाठी आणि त्वचेआधी बाळासाठी योग्य आहे का?

घरी असताना धुण्याजोगी सुती पॅड उत्तम. पण ती स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेली हवीत. प्रवासात किंवा कामावर टाकाऊ पॅड सोयीची. मात्र जलरोधक अस्तर कपडा कोरडा ठेवताना ओल त्वचेशी कोंडून धरते. ओली त्वचा चिरते, बुरशीला थारा देते. म्हणून पॅड कोणतेही असो, ओले होताच बदलावे. सुगंधी पॅड टाळावे. चिकटले तर ओढू नये. कोमट पाण्याने भिजवून सोडवावे.

१९) एक सावधगिरी विशेष. धातूच्या टोप्या पुन्हा बाजारात आल्या आहेत. आता त्या चांदीच्या म्हणून विकल्या जातात. शुद्ध चांदी आणि शिसे यांत मोठा फरक आहे. परंतु धातूची खात्री नसलेली स्वस्त टोपी घेणे म्हणजे एकोणिसाव्या शतकातील ती डबी पुन्हा उघडणे होय. स्तनाग्राला चिरा पडत असतील, तर मूळ कारण बहुधा बाळाने नीट तोंडात न धरणे हे असते. त्यावर उपाय टोपीत नसून जाणत्या परिचारिकेच्या किंवा डॉक्टरच्या मार्गदर्शनात असतो.

२०) शिसे, काच, कापूस, लगदा, प्लॅस्टिक : पदार्थ बदलत गेले. जोवर निवडणाऱ्यांचे लक्ष वस्त्रावरील डागावर होते, तोवर बाळाच्या तोंडी काय जाते हे कोणाला दिसले नाही. दुधाचा डाग धुतला की जातो. शरीरात शिरलेले शिसे तसे धुता येत नाही. घरातल्या जुनेराच्या निनावी घडीला शोषक कापसाचे रसायन ठाऊक नव्हते; तरी तिची निवड चुकली नव्हती, कारण ज्या वस्त्रात बाळाला गुंडाळायचे, त्याच वस्त्राची ती घडी असे.

#इतिहास #स्तनपान #वस्तूंचाइतिहास