राज्याचे नाव वाक्यात

भाषेच्या तासाला 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न हमखास असतो, इतिहासाच्या तासाला तो नसतो. माझ्या मते तो तेथेही असावयास हवा. सातवाहन, अश्मक, विदर्भ ही नावे विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण त्यांतील एक घेऊन वाक्य करा म्हटले की 'सातवाहन हे आंध्र प्रदेशाचे राजे होते' असे काहीतरी वहीत उतरते. आंध्र प्रदेश हे राज्य १९५६ साली झाले. सातवाहनांना 'आंध्र' म्हटले ते पुराणांनी. त्यांच्या स्वतःच्या शिलालेखांत ते नाव नाही.

मग ते स्वतःला काय म्हणवीत? याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. पंचवटीतून गोदावरी ओलांडून मुंबईच्या रस्त्याला लागले की सुमारे आठ किलोमीटरवर पांडवलेणी आहेत. तेथील १९ क्रमांकाच्या लेण्यात एक लहानसा प्राकृत लेख आहे. सातवाहन कुळातील कृष्ण राजा असताना नाशिकच्या महामात्राने हे लेणे करविले, असा त्याचा आशय आहे. येथे 'सातवाहन' हे नाव प्रदेशाचे नसून कुळाचे आहे. आपण 'निजामशाहीत', 'आदिलशाहीच्या काळी' म्हणतो, तीही घराण्यावरून पडलेलीच नावे होत. म्हणून 'तो सातवाहनास गेला' हे वाक्य चूक आणि 'सातवाहनांच्या काळी नाशिकला लेणी खोदली गेली' हे बरोबर.

याउलट ३ क्रमांकाच्या लेण्यातील मोठा लेख पाहा. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातील हा लेख त्याची आजी गौतमी बलश्री हिचा आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी कोणकोणत्या देशांचा राजा होता, हे तिने त्यात सांगितले आहे: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ, आकरावंती. ही सगळी नावे एकाच लांबलचक समासात गुंफलेली असून 'राजा' हा शब्द शेवटी येतो. मुलाच्या मागे आईने मांडलेली ही यादी आहे, हे ध्यानात घेऊन वाचल्यास ती कोरडी वाटत नाही.

यांतील असक म्हणजे अश्मक. सोळा महाजनपदांत विंध्याच्या दक्षिणेचे ते एकच. मुळक म्हणजे पैठणच्या आसपासचा मुलूख. अपरांत म्हणजे कोकण, सुरठ म्हणजे सौराष्ट्र. अश्मक आणि मुळक ही नावे आज कोणाच्याही तोंडी नाहीत, म्हणून त्यांचे वाक्य भूतकाळीच करावे लागते. विदर्भाचे तसे नाही. 'विदर्भावर सातकर्णीचे राज्य होते' आणि 'विदर्भात कापूस पिकतो' ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, मात्र दोहोंतील सीमा एकच होत्या असे समजू नये. नाव टिकते, सीमा सरकतात.

त्याच लेखात क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचेही म्हटले आहे. राजाची आईच बोलते आहे, तेव्हा थोडी अतिशयोक्ती असेल अशी शंका कोणी घेईल. पण १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे क्षहरात राजा नहपान याची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आढळला. जुने नाव पुसून त्यावर नवे उठविण्याचा हा प्रकार. काही नाण्यांवर खालचे नहपानाचे नाव अजून वाचता येते.

पालकांना एक विनंती. सुटीच्या दिवशी मुलांना लेण्यांवर न्यावे, लेख दाखवावा आणि तेथेच बसून त्या यादीतील एखाद्या नावाचे वाक्य करून घ्यावे. अक्षरे ब्राह्मी आहेत, ती वाचता आली नाहीत तरी चालेल. 'मुळक' हे नाव घेऊन सुरुवात करावी. ते पाठ्यपुस्तकात क्वचितच येते, त्यामुळे पाठ केलेले वाक्य तेथे कामास येत नाही.