एकेरी व दुहेरी चेनरिंग (रोड सायकल)

एकेरी चेनरिंग आणि दुहेरी चेनरिंग हे रोड सायकलच्या गिअररचनेचे दोन प्रकार होत. पेडलच्या क्रँकला जोडलेल्या दातेरी चकतीस चेनरिंग म्हणतात. साध्या सायकलीच्या बाबतीत तिलाच कारागीर चेनव्हील म्हणतात. एकेरी रचनेत पुढे एकच चकती असते व सर्व गिअर मागच्या चाकावरील कॅसेटमधून मिळतात. दुहेरी रचनेत पुढे एक मोठी व एक लहान अशा दोन चकत्या असतात आणि पुढचा डिरेलर साखळीला एकीवरून दुसरीवर नेतो. यांपैकी कोणती रचना योग्य, हे चालकाचा वेग, रस्त्याचा चढउतार, धूळ-चिखल आणि दुरुस्तीची सोय यांवर अवलंबून असते. चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत यांपैकी शेवटच्या दोन बाबींचे वजन इतर ठिकाणांपेक्षा अधिक भरते.

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भात आजही सर्वाधिक दिसणारी सायकल म्हणजे बिनगिअरची काळी सायकल. तिच्या पुढच्या चेनव्हीलला साधारणतः ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतात. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. मानव विकास कार्यक्रमांतर्गत शाळकरी मुलींना मिळणाऱ्या सायकलीही बिनगिअरच्याच असतात. वैनगंगा, वर्धा व इरई यांच्या खोऱ्यांतील सपाट भूमीवर हा एकच गिअर पिढ्यान्‌पिढ्या पुरला, यात नवल नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहेत आणि मूलमार्गे त्यांना जोडणाऱ्या सुमारे ८० किमी रस्त्यावर घाट म्हणावा असा चढ नाही.

गिअरच्या सायकलींचा इतिहास मात्र डोंगराळ भागात घडला. फ्रान्समधील सेंट-एतिएन येथील पॉल द विवी (१८५३–१९३०) यांनी ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने अनेक गिअरच्या सायकलीचा हिरिरीने पुरस्कार केला. तूर द फ्रान्स या शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा गिअर बदलण्याच्या यंत्रणेस दीर्घकाळ विरोध होता. त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर पुढे दोन चकत्या लावण्याची पद्धत रोड सायकलींत रूढ झाली. ५३ व ३९ दात्यांची जोडी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. २००० नंतर ५० व ३४ दात्यांची तुलनेने हलकी जोडी सामान्य चालकांत लोकप्रिय झाली. तिला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात.

आधुनिक एकेरी रचना माउंटन बाइककडून आली. स्रॅम या कंपनीने २०१२ मध्ये माउंटन बाइकसाठी आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत सायक्लोक्रॉस व रोड सायकलींसाठी असे संच बाजारात आणले. व्यावसायिक रोड शर्यतींत तिचा अनुभव संमिश्र आहे. आयर्लंडच्या अ‍ॅक्वा ब्लू स्पोर्ट या संघाने २०१८ च्या हंगामात केवळ एकेरी चेनरिंगच्या सायकली वापरल्या; संघातील काही खेळाडूंनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आणि तो संघ त्याच वर्षी बंद पडला. याउलट २०२३ च्या जिरो द’इतालियामध्ये प्रिमोझ रोग्लिच याने मोंते लुस्सारीच्या तीव्र चढाची निर्णायक वेळचाचणी एकेरी चेनरिंगवर जिंकली. त्या चढावर त्याची साखळी उतरली होती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. एकेरी रचनेत साखळी कधीच उतरत नाही, हा समज त्यामुळे खरा ठरत नाही.

रचना

साखळीच्या कड्यांतील पोकळी एकाआड एक अरुंद व रुंद असते. एकेरी चेनरिंगचे दातेही त्याच क्रमाने एक जाड व एक पातळ असे घडवलेले असतात, त्यामुळे साखळी दात्यांवर घट्ट बसते. शिवाय मागच्या डिरेलरमध्ये क्लच बसवलेला असतो. खडबडीत रस्त्यावर डिरेलरचा दांडा पुढे-मागे झुलून साखळी सैल पडू नये, हे त्याचे काम. दुहेरी चेनरिंगचे दाते मात्र साखळी सहज सुटावी व दुसरीवर चढावी अशा बेताने आखूड आणि उतरते घडवलेले असतात. साखळी धरून ठेवणे आणि साखळी सोडणे या परस्परविरोधी अपेक्षा एकाच चकतीकडून पूर्णपणे साधता येत नाहीत. दोन्ही रचनांमधला मूळ भेद तो हाच.

गुणोत्तराचे गणित

चेनरिंगच्या दात्यांना मागच्या चकतीच्या दात्यांनी भागले असता गिअरचे गुणोत्तर मिळते. ७००×२८ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.१४ मीटर धरल्यास दर मिनिटाला ९० पेडल-फेऱ्यांच्या गतीने १ गुणोत्तरास ताशी सुमारे ११.५ किमी वेग मिळतो.

५० व ३४ दात्यांची जोडी आणि ११ ते ३४ दात्यांची कॅसेट घेतल्यास सर्वांत जड गुणोत्तर ४.५५ व सर्वांत हलके १ येते. ४० दात्यांची एकेरी चेनरिंग आणि ११ ते ४२ दात्यांची कॅसेट घेतल्यास ही गुणोत्तरे अनुक्रमे ३.६४ व ०.९५ येतात. म्हणजे चढासाठी एकेरी रचना किंचित हलकीच आहे; उणीव आहे ती जड टोकाला. ९० फेऱ्यांच्या गतीने दुहेरी रचनेत ताशी ५२ किमी, तर एकेरीत ४२ किमी वेग गाठता येतो. शर्यतीत हा फरक निर्णायक ठरतो. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारात तो जवळजवळ गैरलागू आहे. तेथे २०० किमीसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किमीहून किंचित कमी सरासरी पुरते.

खरा फरक टोकांना नसून मधल्या पायऱ्यांत आहे. अकरा चकत्यांच्या ११–४२ कॅसेटमध्ये ११, १३, १५, १७, १९, २२, २५, २८, ३२, ३६ व ४२ असे दाते असतात. ४० दात्यांच्या चेनरिंगसह ९० फेऱ्यांना तिचे वेग ताशी २४.३, २७.१, ३०.८ व ३५.५ किमी असे वाढत जातात. ताशी २८ किमी वेगाने जाणाऱ्या चालकास म्हणून दोनच पर्याय उरतात: मिनिटाला ९३ फेऱ्या किंवा ८२ फेऱ्या. दुहेरी रचनेत १३, १४ व १५ दात्यांच्या लागोपाठ चकत्या असलेली कॅसेट बसवली तर लहान ३४ च्या चेनरिंगवर हेच वेग २६.१, २८ व ३०.२ किमी येतात आणि चालकाला आपल्या लयीचा गिअर सापडतो. गडचिरोली–चामोर्शीसारख्या सपाट रस्त्यावर समोरून वारा असताना, विशेषतः गटाबरोबर तासन्‌तास एकाच वेगाने जावे लागते तेव्हा, हा फरक गुडघ्यांना जाणवतो. एकेरी रचनेविषयी लिहिणारे बहुधा चढाचीच चर्चा करतात. तिची खरी परीक्षा सपाटीवर होते.

घर्षणाचा फरक अल्प आहे. एकेरी रचनेत साखळी दोन्ही टोकांच्या चकत्यांवर अधिक तिरकी चालते आणि तुलनेने लहान चकत्यांवरून अधिक वाकते, त्यामुळे थोडी शक्ती वाया जाते. वजनाच्या बचतीचा गाजावाजाही फारसा सार्थ नाही. पुढचा डिरेलर, त्याची केबल व एक चकती वगळून जे वाचते, त्यातील मोठा वाटा मागच्या मोठ्या कॅसेटमध्ये परत येतो.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रस्ते

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही मिळून जो प्रदेश होतो त्यात दीर्घ घाट थोडे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरहून माणिकगड डोंगरावरील जिवतीकडे जाणारा रस्ता आणि गडचिरोलीत कुरखेडा–कोरची मार्गावरील बेडगाव घाट ही त्यांतील ठळक नावे. दोन्ही रचनांचा हलका गिअर येथे पुरेसा ठरतो. सह्याद्रीतील घाटांसाठी दिले जाणारे सल्ले या भागाला जसेच्या तसे लागू करण्याचे कारण नाही.

येथील चालकाची खरी कसोटी नाल्यांवर लागते. साकोलीहून गडचिरोली, आष्टी, आलापल्लीमार्गे सिरोंच्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३५३सी आणि विशेषतः त्याला फुटणाऱ्या अंतर्गत रस्त्यांवर जंगलातून येणारे असंख्य ओढे-नाले आडवे येतात. रस्ता उतरत रपट्यावर येतो आणि पलीकडे लगेच उभा चढतो. उतारावर ताशी ३५–४० किमीने येणारा चालक काही क्षणांत १२ वर येतो. दुहेरी रचनेत अशा वेळी ५० वरून ३४ वर उतरताच गुणोत्तर एकदम ३२ टक्क्यांनी घटते, पाय रिकामे फिरतात आणि ते सावरण्यासाठी मागे दोन-तीन चकत्या उलट दिशेने बदलाव्या लागतात. हे सर्व पेडलवर जोर असताना केले तर साखळी लहान चकतीच्याही आत, फ्रेमवर पडण्याची शक्यता असते. सरावलेला चालक रपट्याच्या आधीच गिअर बदलून घेतो. परंतु वळणापलीकडचा नाला नेहमी दिसतोच असे नाही. एकेरी रचनेत एकाच हाताने मागची साखळी चार-पाच चकत्या चढवणे एवढेच काम उरते.

साखळी उतरली तर ती पुन्हा बसवण्यास एरवी दोन मिनिटे लागतात आणि हात काळे होतात, यापलीकडे काही होत नाही. चंद्रपूर–मूल मार्गावरील जंगलपट्ट्यात किंवा आलापल्लीहून भामरागडकडे जाताना हीच दोन मिनिटे वेगळ्या अर्थाने महत्त्वाची ठरतात. दोन्ही जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावण्याच्या घटना वारंवार घडतात. जंगलातून जाताना, विशेषतः पहाटे व सायंकाळी, रस्त्याच्या कडेला खाली वाकून बसण्याची पाळी येऊ नये, हा येथील सायकलस्वारासाठी गिअर निवडीतला विचारार्ह निकष आहे. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत तो आढळणार नाही.

धूळ, चिखल व देखभाल

घुग्घुस–बल्लारपूर परिसरातील कोळशाची धूळ, गडचांदूरकडील सिमेंटची भुकटी आणि सुरजागड लोहखनिजाच्या वाहतुकीची लाल धूळ साखळीवरील तेलात मिसळून घासपावडरीसारखे काम करते. पावसाळ्यात भाताच्या रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेले ट्रॅक्टर बांधीतून थेट रस्त्यावर येतात आणि चिखलाचे गोळे डांबरावर पडतात. हा चिखल पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्यात व चेनरिंग आणि फ्रेम यांच्या फटीत भरतो. या एका बाबतीत एकेरी रचना निर्विवादपणे सरस आहे, कारण चिखल धरणारा भागच तेथे नसतो.

झिजेचा हिशेब मात्र उलट आहे. दुहेरी रचनेत झीज दोन चकत्यांत विभागली जाते. एकेरीत सर्व भार एकीवर पडतो आणि ती लवकर बदलावी लागते. मोठ्या दात्यांची कॅसेटही महाग असते. म्हणून या भागात एकेरी रचना वापरणाऱ्याने साखळीची झीज मोजपट्टीने नियमित पाहून ती वेळेत बदलणे हितावह ठरते. उशीर झाल्यास नवी साखळी जुन्या कॅसेटवर घसरते आणि तिन्ही भागांचा खर्च एकदम येतो.

तालुक्याच्या ठिकाणची सायकल दुकाने प्रामुख्याने बिनगिअरच्या सायकलींसाठी सज्ज असतात. तेथे पंक्चर, ब्रेक, बेअरिंग यांची कामे उत्तम होतात, पण अकरा किंवा बारा चकत्यांच्या संचाची अरुंद साखळी मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. सोबत साखळी तोडण्याचे हत्यार, त्याच संचाचे जोडकडे आणि आपल्या फ्रेमचा डिरेलर-हँगर बाळगणे दोन्ही रचनांत सारखेच आवश्यक आहे. मागचा डिरेलर मोडल्यास साखळी आखूड करून ती मधल्या एखाद्या चकतीवर सरळ बसवता येते व सायकल बिनगिअरची करून गाव गाठता येते. ४० ला १७ हे गुणोत्तर २.३५ येते, म्हणजे काळ्या सायकलीच्या गिअरच्या अगदी जवळचे.

निवड व रूपांतर

महामार्गावर गटाने वेगाने चालणाऱ्यास, तसेच शर्यतीची तयारी करणाऱ्यास दुहेरी रचना सोयीची. एकट्याने वा दोघांनी जंगलातील अंतर्गत रस्ते, मुरमाचे तुकडे व पावसाळा धरून वर्षभर सायकल चालवणाऱ्यास एकेरी रचना अधिक निर्धोक. ज्याला दोन्ही करायचे आहे त्याने रुंद टायर बसू शकणारी दुहेरी सायकल घ्यावी, असे सर्वसाधारणपणे सुचवले जाते. त्यात रपट्यांवरील अडचण तशीच राहते.

दुहेरी सायकलचे एकेरीत रूपांतर करता येते, परंतु केवळ एक चकती काढून भागत नाही. दुहेरीची चकती साखळी सोडण्यासाठी घडवलेली असल्याने तिच्या जागी जाड-पातळ दात्यांची चेनरिंग बसवावी लागते. सामान्य रोड डिरेलर मागे साधारणतः ३४ दात्यांपर्यंतच पोहोचतो. ४२ साठी लांब दांड्याचा व क्लचयुक्त डिरेलर लागतो आणि तो हँडलवरील गिअरच्या खटक्याशी जुळणारा असावा लागतो. नवी साखळी मोजताना ती पुढची चेनरिंग व मागची सर्वांत मोठी चकती यांभोवती डिरेलरमधून न ओवता गुंडाळतात आणि दोन कडी जास्त ठेवून तोडतात. चेनरिंग बाहेरच्या बाजूस बसल्यास मोठ्या चकतीवर साखळी फार तिरकी होते व मागे पेडल फिरवताच खाली उतरते, म्हणून ती शक्य तितकी आतल्या बाजूस बसवली जाते.