कातळाखाली काय आहे?

विहिरीत सुरुंग उडतो तेव्हा लांब उभ्या असलेल्या माणसाच्या तळपायाला हादरा आधी कळतो, आवाज मागाहून येतो. नगर जिल्ह्यात, ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात, हा अनुभव नसलेला शेतकरी विरळाच. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो; घट्ट काळ्या पाषाणातून तोच कंप सुमारे 5 किलोमीटर धावतो. या साध्या गोष्टीवर एक शास्त्र उभे आहे.

1909 साली क्रोएशियात भूकंप झाला. त्याच्या नोंदी तपासताना मोहोरोविचिच या शास्त्रज्ञास दिसले की, काही लहरी खोलवरच्या वाटेने वळसा घेऊनही दूरच्या ठिकाणी आधी पोचल्या. खाली त्यांना अधिक वेगाने नेणारा थर असला पाहिजे! पृथ्वीच्या कवचाला तळ आहे हे असे कळले. मग भूकंपाची वाट तरी कशाला पाहावी? सुरुंग लावावा आणि कंप टिपावेत. वेगेनर यांच्या 1930-31 च्या मोहिमेने ग्रीनलंडमध्ये हेच केले. वेगेनर स्वतः त्या हिमात 1930 साली मरण पावले. परंतु बर्फाची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक असल्याचे सोबत्यांनी मोजून दाखविले.

आपल्याकडे हिमस्तर नाही, पण दुसरे पांघरूण आहे. अकोले तालुक्यातल्या 1646 मीटर उंच कळसूबाईपासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत जिल्ह्याचा पाया म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. खालचा जुना खडक झाकलेला. आणि वर 'दख्खन अचल आहे' ही समजूत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर कोसळले, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि ती समजूतही गेली.

त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने 1970 नंतरच्या दशकात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर सुरुंगांच्या लहरी टिपल्या. कवचाचा तळ सुमारे 36 ते 40 किलोमीटर खोल असल्याचे दिसले.

येथे एक अडचण ध्यानी घेतली पाहिजे. बर्फात लहर सेकंदाला 3.8 किलोमीटरच्या आसपास धावते आणि खालचा खडक बहुधा तिला अधिक वेग देतो. म्हणून ती वळून वर येते व खबर देते. काळ्या पाषाणाखाली मऊ गाळाचा खडक असला, तर तेथे वेग घटतो, लहर खालीच वळते आणि तो थर आपल्या यंत्रांना चुकवून जातो. तेव्हा पांघरूण जाड असण्यापेक्षा ते खालच्या थराहून कठीण असणे अधिक फसवे.

खात्री छिद्र पाडूनच झाली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीस 338 मीटर पाषाणाखाली जुना खडक लागला. कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटरवर ग्रॅनाइटजातीचा खडक मिळाला, मध्ये गाळाचा थर नव्हता.

दोन्ही वेळा प्रश्न आपण भूकंपानंतर विचारला. आपले वाडे, आपली धरणे याच कातळावर उभी आहेत. त्याला आधी विचारून मग बांधणे, एवढे शहाणपण या इतिहासातून घेतले तरी पुष्कळ झाले.