दिवाणजीची वही आणि मेन मशीन

कोल्हापूरला मिरजेकडून रेल्वे आली १८९१ साली. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि पंचगंगेच्या खोऱ्यातल्या गुऱ्हाळांचा गूळ या पेठेतून दूरच्या बाजारांत, विशेषतः गुजरातेत, जाऊ लागला. पेठेचा इतिहास सांगताना वखारींचे, रस्त्यांचे, उलाढालीचे वर्णन होते; पेठ ज्या वस्तूवर उभी होती तिच्याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. ती वस्तू म्हणजे अडत्याची वही. शेतकरी गुळाचे रवे घेऊन येतो, सौदा होतो, अडत्या शेतकऱ्याला पैसे चुकते करतो आणि खरेदीदाराकडून ते मागाहून वसूल करतो. हंगामाआधी त्याच शेतकऱ्याला उचलही दिलेली असते. दोन्ही बाजूंना उधारी आणि मधे वही. अडत्याचे भांडवल तिजोरीत थोडे आणि वहीत फार, असेच म्हणावे लागते. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, शाहूपुरीत बँका, कार्यालये आणि दुकाने वाढली, पण वहीची सवय पेठेने सोडली नाही.

ही वही कशी चाले ते नीट पाहायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यावरून समजते. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने उतरत. तिथून एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा किंवा नावे पडे. कीर्दीतल्या ओळीशेजारी खतावणीचे पान लिहिलेले असे, खतावणीत कीर्दीचे. त्यामुळे एकीवरून दुसरीकडे बोट ठेवून जाता येई. शेतकऱ्याच्या हाती पडे ती पट्टी: वर रव्यांची संख्या, वजन, दर आणि होणारी रक्कम, खाली अडत, हमाली, तोलाई आणि आधीची उचल वजा, तळाशी निव्वळ देणे. पट्टी म्हणजे त्या वहीतूनच काढलेला उतारा. वाचणारे पुष्कळ असत. मालक, मुलगा, खरेदीदार, हिशेब विचारायला आलेला शेतकरी. लिहिणारा मात्र एकच, दिवाणजी. वही एकच होती, ती त्याच्या बैठकीवर होती आणि संध्याकाळी मालकाच्या कपाटात जात होती. पाने शिवलेली असत. एक फाडले की त्याच शिलाईतले जोडपान सुटे होई आणि चोरी उघडी पडे. वहीची शिस्त नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. ती त्या कागदाच्या घडणीतच होती.

१९९० च्या दशकात अशा वह्या संगणकांच्या जाळ्यावर चढू लागल्या. या बदलाविषयी सहसा बोलले जाते ते वेगाविषयी: तेरजेला, म्हणजे सगळ्या खात्यांच्या गोळाबेरजेला, लागणारे दिवस तासांवर आले, बेरजा चुकेनाशा झाल्या. ते खरेच आहे. तरी माझे म्हणणे वेगळे आहे. महाराष्ट्रातल्या लहान पेढ्या, पतसंस्था आणि कार्यालयांत जी पद्धत रुजली आणि हटता हटली नाही, ती वेगामुळे टिकली नाही. वही कोणाच्या कपाटात राहते, या जुन्या प्रश्नाला तिने पेठेच्या मनासारखे उत्तर दिले म्हणून ती टिकली.

संगणक आला तो आधी बँकांच्या दारातून, आणि जपून आला. कर्मचारी संघटनांना नोकऱ्यांची धास्ती होती; १९८३ मध्ये यांत्रिकीकरणावर बँका आणि संघटना यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीने रिझर्व्ह बँकेला आराखडा दिला. सुरुवातीची खतावणी-यंत्रे सुटी होती, एकाची नोंद दुसऱ्याला दिसत नसे. १९३८ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे मुख्य कार्यालय शाहूपुरीतच आहे आणि गावोगावच्या विकास सेवा संस्थांचे पीककर्ज तिच्याकडून जाते. पण खेड्यातल्या संस्थेची वही गटसचिवाच्या हाती होती, बँकेची बँकेत. लहान धंद्याच्या टेबलावर वही पोहोचली ती दुसऱ्या वाटेने. अमेरिकेतल्या ॲश्टन-टेट कंपनीचे डीबेस, मागून फॉक्सबेस आणि १९८९ चे फॉक्सप्रो, यांच्यावर कोणी ना कोणी ओळखीतला प्रोग्रामर त्या दुकानापुरता प्रोग्राम लिहून देई. बंगळुरूत १९८६ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचे टॅली तयार माल म्हणून आले आणि पुढे घराघरांत गेले.

एका संगणकाचे तीन-चार झाले की खरी गोष्ट सुरू होते. एक ‘मेन मशीन’, बाकीचे ‘नोड’. मधे काळी कोॲक्सियल केबल, प्रत्येक संगणकामागे टी-आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढा टर्मिनेटर. झाडताना एक जोड सैल झाला की एकच नाही, सगळे नोड बंद पडत. मग टेबलाखाली वाकून एकेक जोड हलवून बघायचा. वही, म्हणजे डेटाच्या फाइली, मेन मशीनवर एकाच फोल्डरमध्ये. नॉव्हेल कंपनीचे जाळे असेल तर प्रत्येक नोडला ते फोल्डर एफ ड्राइव्ह म्हणून दिसे. प्रोग्रामची प्रत मात्र जाणत्याने प्रत्येक नोडवर वेगळी ठेवलेली असे, म्हणजे केबलवर भार कमी. यातूनच नवी कटकट निघाली. प्रोग्राम बदलला की फ्लॉपी घेऊन दर टेबलापाशी जावे लागे. एखादा नोड राहून गेला तर तो जुन्याच नियमाने पट्टी काढत बसे आणि संध्याकाळी बेरीज जुळत नसे. मराठी नावांचा घोळ त्याहून मोठा. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले, पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड डॉसवर देवनागरी दाखवी. पण विंडोज आल्यावर ज्याने त्याने आपापला फॉन्ट आणि आपापले संकेत चालवले. फॉन्ट नसलेल्या नोडवर ‘पाटील’ उघडले की पडद्यावर निरर्थक खुणांची ओळ उमटे. वही सामाईक, पण एका टेबलावर तिची लिपीच अगम्य.

आता कुलपाकडे वळू. दिवाणजीच्या वहीला कुलपाची गरज नव्हती, लेखणी एकच होती. जाळ्यावर चार लेखण्या आल्या. दोघांनी एकाच खात्यावर एकाच वेळी लिहिले तर दुसऱ्याची नोंद पहिल्याची पुसून टाकते. म्हणून डीबेसने थ्री प्लस आवृत्तीत नोंदीला कुलूप लावण्याची सोय आणली आणि फॉक्सप्रोने ती पुढे नेली: एकाने खाते उघडले की दुसऱ्याच्या पडद्यावर नोंद दुसऱ्याच्या हाती असल्याचा निरोप येई. कुलूप किती मोठे लावायचे हे प्रोग्रामर ठरवी. आळशी प्रोग्रामर अख्ख्या फाइलला कुलूप लावी आणि तिघेजण चौथ्याची वाट बघत बसत. चांगला प्रोग्रामर एका ओळीपुरते लावी आणि लगेच काढी. ज्या पेढीत कोणी लिहायचे, कोणी नुसते बघायचे आणि चूक कोणी दुरुस्त करायची हे आधीच ठरलेले होते, तिथे हे जाळे पहिल्या महिन्यापासून चालण्याची शक्यता होती, कारण प्रोग्राममध्ये दिवाणजीची रीतच उतरवायची होती. मध्येच वीज गेली तर डेटा एक सांगे आणि त्याची सूची, म्हणजे इंडेक्स, दुसरेच. मग सगळ्यांना बाहेर पडायला सांगून सूची नव्याने बांधायची. हे सारे सोसूनही पेढ्यांनी ही पद्धत धरून ठेवली.

कोणी म्हणेल, यात कपाटाचा काय संबंध? स्वस्त होते म्हणून टिकले. सर्व्हरवर चालणारे मोठे डेटाबेस महाग होते, सांभाळायला जाणकार माणूस लागे. फॉक्सप्रोची एक प्रत चार ठिकाणी फिरे. स्वस्ताई हे येण्याचे कारण म्हणून मला मान्य आहे. टिकण्याचे कारण म्हणून ते अपुरे पडते. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स कंपनी घेतली, त्याच वर्षी स्वतःचे ॲक्सेस बाजारात आणले, २००७ मध्ये फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले आणि २०१५ मध्ये उरलेला आधारही काढून घेतला. तोवर फुकट किंवा नाममात्र दरात मिळणारे चांगले डेटाबेस कितीतरी आले होते. तरी जुने प्रोग्राम चालत राहिले. मालकाला त्यात ओळखीची वस्तू दिसत होती: एक फोल्डर, म्हणजे एक वही. त्याची प्रत फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर घेऊन तो घरी कपाटात ठेवू शकत होता. कागदाची वही संध्याकाळी घरी जात होती, तशीच हीही गेली.

याच्या उलट पुरावा याच जिल्ह्यात आहे, आणि तो मला निर्णायक वाटतो. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडायची, शेतकऱ्याला गावातच माहिती मिळायची. निम्मा खर्च केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, उरलेला वारणेतल्या शिक्षण मंडळाचा. देशभर त्याचे कौतुक झाले. प्रत्यक्षात गावातल्या केंद्राचा उपयोग मुख्यतः एकाच गोष्टीसाठी उरला: उसाचे वजन, बिल, खताची उधारी, म्हणजे साखर कारखान्याच्या वहीतला आपल्या खात्याचा उतारा. वही कारखान्यात, गाव नुसते वाचक. तेवढ्यासाठी अख्खा संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती कशाला? २००७ च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत आठ महिने प्रयोग केला. गावातल्या संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि एसएमएसवर तीच माहिती दिली. ते स्वस्त पडले, सोयीचे झाले आणि शेतकऱ्यांना अधिक आवडले. मोठा पैसा, नामवंत संस्था, शासनाचे पाठबळ असलेला संगणक गावात रुजला नाही, आणि ओळखीतल्या प्रोग्रामरचा ओबडधोबड प्रोग्राम पेढीवर वीस-वीस वर्षे चालला. गावातल्या केंद्राला स्वतःची वही नव्हती, हा मला त्यातला मुख्य फरक दिसतो.

खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो मी हलका मानत नाही. जी वही मालकाच्या कपाटात, ती मालकाच्या मर्जीत. शिवलेल्या वहीत खाडाखोड दिसे. फॉक्सप्रोची फाइल थेट उघडून एक आकडा बदलला तर माग उरत नसे. कागदाच्या घडणीत असलेली राखण या वहीने गमावली होती, आणि जाळे बसवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती परत बांधून दिली. ही त्या पिढीच्या प्रोग्रामची सर्वांत मोठी उणीव, आणि ती शेतकऱ्याच्या पट्टीवर उमटू शकत होती. कायद्याला हे ध्यानात यायला फार काळ लागला: कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाचा माग ठेवलाच पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, आणि तोही कंपन्यांपुरता, भागीदारीतली अडत पेढी त्याच्या बाहेर आहे. पण यावरून वही मालकाकडून काढून घ्यावी असे ठरत नाही. शिलाई परत आणावी, एवढेच ठरते.

वही वर, शासनाकडे, गेली की ती आपोआप खरी होते, असेही नाही. सातबाऱ्याचे संगणकीकरण पाहा. देशात हा प्रयोग १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाला, महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. पुढे तालुक्या-तालुक्याचा डेटा उभा राहिला, मग तो एकत्र जोडला गेला. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांतल्या तफावती शोधायला अखेर २०१७ च्या उन्हाळ्यात शासनाला चावडी वाचन घ्यावे लागले: गावाला बोलावून उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने चूक सांगायची. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. ज्याचे नाव वहीत आहे त्याच्या डोळ्यांखालून वही जायला हवी, ही पेठेची जुनी रीत शासनालाही टाळता आली नाही. २०२२ मध्ये केंद्राने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी २,५१६ कोटी रुपयांची संगणकीकरण योजना मंजूर केली. गटसचिवाची वही आता एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरमध्ये जाते आहे. तिचेही चावडी वाचन व्हावे.

कपाटाच्या बाजूने बोलताना पुराला विसरून चालणार नाही. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्या. शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत दोन्ही वेळा पाणी शिरले. टेबलाखाली ठेवलेले मेन मशीन अशा पाण्यात टिकत नाही, आणि त्याच इमारतीतल्या कपाटातली प्रतही. एक प्रत गावाबाहेर हवी, हे इथे वादापलीकडचे आहे. गावाबाहेर प्रत ठेवणे आणि वहीचा ताबाच दुसऱ्याला देणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअरचे भाडे थकले की वही उघडत नाही, असा करार कोणत्याही जुन्या दिवाणजीने नाकारला असता.

एक काम आत्ताच करण्यासारखे आहे. संस्थानकाळचे मोडी दफ्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून जपलेले आहे आणि मोडी येणारा कोणीही ते आज वाचू शकतो. १९९५ च्या पेढीची वही मात्र हरवण्याच्या बेतात आहे. त्या फाइली दिसतात तितक्या गूढ नाहीत: डीबेसच्या फाइलीत सुरुवातीलाच रकान्यांची नावे असतात, जास्तीत जास्त दहा अक्षरांची, आणि आकडे साध्या अंकांत. अडते ते देवनागरी नावांवर, कारण ज्या फॉन्टमध्ये ती लिहिली तो फॉन्ट बनवणारे पुष्कळदा आता नाहीत. ज्यांच्या माळ्यावर जुने मेन मशीन पडून असेल त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी तीन गोष्टी काढून ठेवाव्यात: डेटाचे फोल्डर, फॉन्टची फाइल, आणि कोणत्या रकान्यात काय लिहीत असत याची एका कागदावर हाताने केलेली यादी. ती यादी करू शकणारे दिवाणजी आणि प्रोग्रामर अजून पेठेत भेटतात. त्यांना या दिवाळीच्या वहीपूजनाआधी विचारा.