कुलाब्यातला उंदीर आणि ‘केव्हा’चा प्रश्न

उंदराचा गर्भ 19-20 दिवसांत पुरा होतो. एवढ्याशा अवधीत पेशींच्या एका पातळ पापुद्र्यापासून सहा थरांचा कॉर्टेक्स, आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस आणि वास ओळखणारा भाग, असं सगळं उभं राहतं. या घडणीत कोणतं प्रथिन मेंदूच्या कोणत्या भागात बनतं याचे सुबक रंगीत नकाशे आज कुणालाही पाहायला मिळतात, आणि ते पाहिले की मेंदूचं कोडं जवळपास सुटलंच असा समज होतो. हा समज अर्धवट आहे. गर्भात एकच प्रथिन नवव्या दिवशी एक काम करतं, अकराव्या दिवशी दुसरं, पंधराव्या दिवशी तिसरंच. त्यामुळे ‘हे प्रथिन काय करतं?’ या प्रश्नाला दिवस सांगितल्याशिवाय उत्तरच नसतं. मेंदूच्या घडणीचा अभ्यास गेल्या शंभर वर्षांत ‘कुठे’कडून ‘केव्हा’कडे सरकत आला, आणि या सरकण्याचा एक भक्कम पुरावा मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. तो उलगडून पाहिला, की असं संशोधन कसं वाचावं आणि कसं पोसावं, हे दोन्ही कळतं.

सुरुवातीचं ज्ञान अर्थातच स्थिर चित्रांचं होतं. 1906 साली नोबेल मिळवणारे गोल्जी आणि काहाल यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशी दाखवल्या. त्या पाहिल्या की रचना कळे, पण घटनाक्रम तर्कानेच जुळवावा लागे. काळाचा प्रश्न प्रयोगात आणला तो 1924 साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी. एका गर्भातला छोटासा तुकडा त्यांनी दुसऱ्या गर्भात बसवला आणि तिथे दुसरं शरीर आकार घेऊ लागलं. आजूबाजूच्या पेशींना त्यांचं भवितव्य ठरवून देणाऱ्या अशा तुकड्याला ‘संघटक’ म्हणतात. उमापूर-गेवराई भागातल्या वाचकाला ऊसतोड टोळीचा मुकादम ठाऊक असतो: तो स्वतः कोयता चालवत नाही, पण टोळी कोणत्या फडात उतरणार हे ठरवतो. संघटकाचं काम साधारण तसंच. पुढे 1961 मध्ये अँजेव्हिन आणि सिडमन यांनी किरणोत्सारी थायमिडिन वापरून उंदराच्या कॉर्टेक्समधल्या चेतापेशींची जन्मतारीख मोजली. आतल्या थरांतल्या पेशी आधी जन्मतात, नंतर जन्मलेल्या त्यांना ओलांडून बाहेरच्या थरांत जातात, हे त्यातून सिद्ध झालं. कोणत्या थरात कोण बसणार हे बरंचसं जन्माच्या दिवसावर ठरतं, म्हणजे जागेतच तारीख दडलेली असते.

हे सगळं उंदरावरच का झालं, याचं उत्तर विज्ञानाइतकंच व्यवसायात आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲबी लॅथ्रॉप या बाई विसाव्या शतकाच्या आरंभी शौकिनांसाठी उंदीर पाळून विकत. प्रयोगशाळांनीही त्यांच्याकडून उंदीर घेतले. क्लॅरन्स कुक लिटल यांनी 1921 मध्ये त्या वंशावळीतून सी-57 ब्लॅक हा शुद्ध वंश सुरू केला आणि 1929 मध्ये जॅक्सन प्रयोगशाळा काढली. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींची जोडी लावून सगळे उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे झाले, म्हणून एका गर्भाचा नववा दिवस दुसऱ्या गर्भाच्या नवव्या दिवसाशी निःशंकपणे ताडून पाहता येऊ लागला. मुंबईलाही हा व्यवसाय नवा नव्हता. 1952 मध्ये परळला सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात व्ही. आर. खानोलकर आणि कमल रणदिवे यांच्या काळात उंदरांच्या वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. आयसीआरसी हा उंदरांचा वंश त्या केंद्राच्या नावानेच ओळखला जातो. ‘कोणत्या पिढीत, कोणत्या वयात’ ही नोंद ठेवण्याची शिस्त शहरात तेव्हापासून होती.

कुलाब्यात ‘केव्हा’चा प्रश्न आला तो मात्र माशीच्या पंखांवरून. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी 1962 मध्ये तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. 1970च्या दशकात त्यांनी सेमूर बेंझर यांच्यासोबत फळमाशीचे असे उत्परिवर्ती वंश अभ्यासले, ज्यांच्या चेतांचं काम तापमान वाढवलं की बंद पडे आणि उतरवलं की पुन्हा सुरू होई. म्हणजे ठरवलेल्या क्षणी एखादं प्रथिन निकामी करून पाहायचं, ही पद्धत या संस्थेत उंदीर येण्याआधीच रुजली होती. उंदरावर तापमानाची युक्ती चालत नाही. तो उष्णरक्ती प्राणी. त्याच्यासाठी 1989च्या सुमारास जनुक कायमचं काढून टाकण्याची आणि पुढे ठरावीक वेळी, ठरावीक जागी काढण्याची तंत्रं आली. जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणा पेरून ठेवायच्या आणि नंतर एका विकराकडून मधला भाग कापून घ्यायचा, अशी ती योजना.

शुभा टोळे 1999 मध्ये टाटा संस्थेत रुजू झाल्या तेव्हा हाताशी दोन गोष्टी होत्या. पहिली, 1997 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेला, ‘एलएचएक्स-2’ हे प्रथिन न बनवणारा उंदीर. हे प्रथिन इतर जनुकांना चालू-बंद करतं. ते नसलेल्या गर्भांना डोळे नव्हते, अग्रमेंदू खुरटलेला होता, रक्तपेशी नीट बनत नव्हत्या, आणि ते जन्माआधीच मरत. दुसरी गोष्ट, शिकागोत एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत टोळे यांनी केलेलं काम. होऊ घातलेल्या कॉर्टेक्सच्या आतल्या कडेला पेशींचा एक अरुंद पट्टा असतो, त्यात संदेशवाहक प्रथिनं भरपूर बनतात, आणि पलीकडे हिप्पोकॅम्पस घडत असतो, हे 1998 मध्ये तिथून प्रसिद्ध झालं होतं. पट्ट्याला नाव मिळालं ‘कॉर्टिकल हेम’. गंमत अशी, की पट्ट्यात एलएचएक्स-2 नसतं आणि लगेच शेजारी ते ठासून असतं.

हा फरक डोळ्यांनी दिसतो तो कसा, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. नर-मादी एकत्र ठेवल्यावर रोज सकाळी मादीची तपासणी होते. समागमाची खूण म्हणून योनिमार्गात घट्ट झालेला गुठळीसारखा पदार्थ सापडला, की त्या दिवसाची दुपार म्हणजे गर्भाचा 0.5 वा दिवस. हव्या त्या दिवशी गर्भ काढून मेंदूचे पातळ काप केले जातात आणि एका विशिष्ट जनुकाच्या आरएनएलाच चिकटेल असा शोधक-तुकडा त्यांवर सोडला जातो. कापावर जांभळा-निळा रंग उमटला, तिथे ते जनुक चालू. साडेबाराव्या दिवसाच्या कापावर एलएचएक्स-2चा रंग कॉर्टेक्सभर पसरलेला दिसतो आणि आतल्या कडेपाशी अचानक तुटतो. हेमच्या संदेशवाहकांचा रंग नेमका त्याच रेषेपासून सुरू होतो.

एलएचएक्स-2 नसलेल्या गर्भांत हेमचा पट्टा फुगून कॉर्टेक्सची जागा खातो, असं 2001 मध्ये दोन ठिकाणांहून प्रसिद्ध झालं: मुंबईहून आणि स्वतंत्रपणे बोस्टनहून, एडविन मोनुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. निष्कर्ष तोच, पण अर्थ दोन निघत होते. एलएचएक्स-2 हेमला आवर घालतं, हा एक. किंवा मेंदूच नीट वाढला नाही आणि उरलं ते हेम, हा दुसरा. पूर्ण नकाशा हाती असूनही यांतला खरा कोणता हे ठरत नव्हतं. ते ठरलं 2008 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाने, आणि तो टोळे आणि मोनुकी यांच्या गटांनी मिळून लिहिला होता. त्यांनी मिश्र गर्भ वापरले: बहुतेक पेशी निरोगी, मध्ये मध्ये एलएचएक्स-2 नसलेल्या पेशींचे ठिपके. आतल्या बाजूचा प्रत्येक ठिपका हेम बनला आणि त्याच्याभोवतीच्या निरोगी पेशींनी जिथे असायला नको तिथे हिप्पोकॅम्पस घडवला. म्हणजे हेम हा हिप्पोकॅम्पसचा संघटकच; श्पेमान-मांगोल्ड यांची कल्पना सस्तन प्राण्याच्या मेंदूत पुन्हा भेटली. त्याहून मोलाचं होतं वेळेचं. एलएचएक्स-2 साडेदहाव्या दिवसाआधी काढलं तरच हे घडे. त्यानंतर काढलं तर नवं हेम बनत नसे, जरी सामान्य गर्भाच्या कॉर्टेक्समध्ये तेव्हाही हे प्रथिन पूर्वीइतकंच भरपूर असतं.

इथे नकाशा हरतो. साडेदहाव्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे प्रथिन तेच, जागा तीच, रंगही तितकाच गडद. काम मात्र बदललेलं. मग पुढे ते करतं काय? 2009 मध्ये डेनिस ओ’लिअरी यांच्या गटाने दाखवलं, की साडेदहाव्या दिवसाच्या सुमारास ते काढलं तर कॉर्टेक्सऐवजी वासाशी संबंधित भाग वाढतो, आणि आणखी एक दिवस थांबून काढलं तर तोही परिणाम होत नाही. 2011 मध्ये टोळे यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयातल्या गर्भाच्या मेंदूत विजेच्या सौम्य स्पंदनांनी डीएनए पोचवून हिप्पोकॅम्पसमधला प्रश्न सोडवला. तिथे चेतापेशी बनण्याच्या काळात एलएचएक्स-2चं काम रोखलं, तर मूलपेशी वेळेआधीच ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी बनवू लागतात. ते जास्त दिलं तर चेतापेशी बनण्याचा काळ लांबतो. याच प्रयोगात कॉर्टेक्समध्ये मात्र असं काही झालं नाही. 2017 मध्ये याच गटाने हेही दाखवलं, की खोल थरांच्या चेतापेशी बनत असताना एलएचएक्स-2 डीएनएभोवतीची गुंडाळी बदलणाऱ्या प्रथिनांच्या गटाशी जोडलं जातं आणि दोन महत्त्वाच्या जनुकांना आवर घालतं. ते नसेल तर पाचव्या थराच्या विशिष्ट चेतापेशी वाढतात. यातून खुलासाही मिळतो. प्रथिन बदलत नाही. त्याच्या सोबतीला कोण आहे आणि डीएनएचा कोणता भाग त्या दिवशी उघडा आहे, हे बदलतं. आज्ञा एकच असली तरी ऐकणारी पेशी दरवेळी वेगळ्या वयाची असते.

यावर आक्षेप घेता येतात आणि ते हलके नाहीत. पहिला तांत्रिक आहे: जांभळा रंग आरएनए दाखवतो, प्रथिन नव्हे, आणि आरएनए बनला म्हणजे प्रथिन बनलंच असं नाही. हे खरं आहे. म्हणूनच प्रतिपिंडांनी प्रथिन थेट पाहण्याची जोड द्यावी लागते. पण वरचा युक्तिवाद रंगावर उभाच नाही. तो उभा आहे काढून पाहण्यावर, आणि काढल्यानंतर जे बिघडलं ते त्या प्रथिनामुळेच टिकून होतं, हे रंग कशाचाही असला तरी बदलत नाही. दुसरा आक्षेप: उंदराचे 20 दिवस आणि माणसाचे नऊ महिने यांची तुलना कशी करायची? दिवसांची करताच येत नाही, क्रमाची येते. आधी जागेची ओळख, मग चेतापेशी, मग आधारपेशी, हा क्रम दोन्हीकडे आहे. शिवाय हे प्रथिन फार जुनं आहे. माशीतल्या त्याच्या भावंडाशिवाय तिला पंख फुटत नाहीत, आणि माणसाचं एलएचएक्स-2 त्या माशीत घातलं तर पंखांचं काम बऱ्याच अंशी सावरतं. माणसात एलएचएक्स-2ची एक प्रत बिघडली तर मेंदूच्या विकासाचे विकार होतात, हेही 2023 मध्ये पुढे आलं. हे विकार उंदरातले जसेच्या तसे नाहीत, आणि तसा दावाही करायचं कारण नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो विचारायचा हक्क करदात्याला आहे. ज्या राज्यात उंदीर म्हटलं की आधी कणगीतली नासाडी आठवते, तिथे उंदराच्या गर्भातल्या एका प्रथिनावर सार्वजनिक पैसा का घालावा? ‘उद्या यातून औषध निघेल’ हे उत्तर सोपं आहे, पण ते प्रामाणिक नाही. एलएचएक्स-2वरून औषध निघालेलं नाही. प्रामाणिक उत्तर वेगळं आहे. एखाद्या बिघाडावर उपाय कधी करता येईल आणि कधी उशीर झालेला असेल, हे आधी कळल्याशिवाय कुठलीच उपाययोजना अर्थपूर्ण होत नाही. साडेदहाव्या दिवसाची ती मर्यादा हेच सांगते: काही चुका एका मुदतीनंतर दुरुस्त होत नाहीत, काही होऊ शकतात, आणि त्यांतला फरक प्रथिन आहे की नाही यावरून ओळखता येत नाही. ‘बुद्धीचं जनुक सापडलं’ अशी बातमी वाचताना म्हणूनच पहिला प्रश्न ‘कोणत्या दिवसाचं?’ हा असायला हवा.

आणि यातून पोसण्याबद्दलही एक निष्कर्ष निघतो. 2001चा निकाल दोन अर्थांत अडकलेला होता. तो सुटायला सात वर्षं लागली, आणि पुढचे अर्थ उलगडायला आणखी नऊ. अनुदानाची मुदत साधारण तीनेक वर्षांची असते. तेवढ्यात प्रथिनाचा नकाशा काढून होतो; त्याचं काम दिवसागणिक कसं बदलतं ते कळत नाही. टोळे यांना 2010 मध्ये भटनागर पुरस्कार आणि 2014 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला, ते योग्यच झालं. पण कुलाब्याच्या या कामाची खरी अट होती एकाच प्रथिनाला जवळजवळ दोन दशकं प्रश्न विचारत राहण्याची मुभा. ती टाटा संस्थेत मिळाली म्हणून उत्तर मिळालं. राज्यातल्या विद्यापीठांना ती मिळाली, तर पुढचं असं उत्तर एखाद्या जिल्ह्याच्या गावातून यायला हरकत नाही.