हुतात्मा चौक (फ्लोरा फाउंटन), मुंबई

हुतात्मा चौक : दक्षिण मुंबईच्या फोर्ट भागातील ऐतिहासिक चौक. दादाभाई नौरोजी मार्ग, महात्मा गांधी मार्ग आणि वीर नरिमन मार्ग येथे एकमेकांना मिळतात. जुने मुंबईकर याला अजूनही नुसते ‘फाउंटन’ म्हणतात.

हा चौक मुळात एका मोठ्या फेररचनेतूनच जन्मला. इंग्रजांच्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा याच परिसरात होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, तट पाडले गेले आणि कोंडलेल्या वस्तीला रुंद रस्ते मिळाले. व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आजच्या राणीच्या बागेसाठी, योजलेले कारंजे १८६४ मध्ये येथे उभारण्यात आले. त्याचा आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा व शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे. दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा. शिखरावर रोमन पुष्पदेवता फ्लोरा उभी आहे. खर्चाचा मोठा वाटा कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी उचलला. १८७४ पासून घोड्यांच्या आणि १९०७ पासून विजेच्या ट्रामगाड्या शहरात धावू लागल्या, तेव्हा फाउंटन हा त्यांच्या वाटेवरचा गजबजलेला टप्पा झाला.

मराठी माणसाच्या मनात मात्र या जागेला वेगळेच स्थान आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी येथे जमलेल्या निदर्शकांवर मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना पोलिसांनी गोळीबार केला. १५ जण मृत्युमुखी पडले. लढ्यातील १०६ हुतात्म्यांच्या स्मरणार्थ कारंज्याजवळ हाती मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक उभे राहिले आणि चौकाचे नाव बदलले. दरवर्षी २१ नोव्हेंबरला आणि महाराष्ट्र दिनी येथे अभिवादन होते. एका बाजूला साम्राज्याचे वैभव मिरवणारे कारंजे, दुसऱ्या बाजूला लोकांनी रक्त देऊन मिळवलेल्या राज्याची खूण. हे शेजारपण हेच या चौकाचे खरे वैशिष्ट्य आहे, आणि कोणत्याही नव्या आराखड्याला दोन्हींचा मान राखावाच लागतो.

मोटारी वाढल्या तसा चौकाचा मध्यभाग वाहनांनी वेढलेले बेट बनला. कारंज्याचे पाणी गळू लागले, नळ गंजले, कोरीव भाग तुटले. त्यावर रंगाचे थर चढवले गेले, त्याखाली दगडाचा पोतच हरवला. अखेर कारंजे कोरडे पडले. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामात रंग उतरवण्यात आला, निखळलेले भाग पुन्हा घडवण्यात आले आणि पाण्याची यंत्रणा नवी बसवण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा सुरू झाले. खोदकाम चालू असताना गाडलेले ट्रामचे रूळ सापडले. १९६४ मध्ये मुंबईची शेवटची ट्राम थांबली होती. तिचा मार्ग डांबराखाली तसाच राहिला होता. भंगारात न जाता ते रूळ लोकांना दिसावेत असे ठरले, हा या कामातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

त्याआधी, १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर, संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दादाभाई नौरोजी मार्गावरील दुकानांच्या पाट्या आणि पदपथावरील सामान यांना शिस्त लावणारा आराखडा केला होता. म्हणजे चौकाकडे येणाऱ्या रस्त्याचा विचार चौकाच्या आधीच सुरू झाला होता, आणि तो क्रम योग्यच आहे. कारण दगड धुऊन स्वच्छ झाले तरी पायी येणाऱ्याला वाहनांच्या प्रवाहातून वाट काढावी लागत असेल, तर जागा छायाचित्रापुरतीच सुधारते. मुंबईच्या उन्हात सावली हवी, टेकायला कट्टा हवा, ओलांडायला पुरेसा वेळ देणारा सिग्नल हवा. वीर नरिमन मार्गाच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांचे विक्रेते हेही या परिसराच्या सार्वजनिक जीवनाचे अंग आहेत. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी परवडणारी पुस्तके तेथे घेतली. अशा विक्रेत्यांसाठी आराखड्यातच जागा आखलेली असावी.