क्ले मॉडेलर
(मोटार डिझाइन)

मोटारीचे नियोजित रूप औद्योगिक क्लेमध्ये, लहान प्रमाणात किंवा प्रत्यक्ष आकारात, घडवणारा शिल्पी. डिझायनरच्या रेखाटनातली रेषा कागदावर एकच असते. तिला मोटारीच्या अंगावर किती फुगवटा द्यायचा आणि ती कुठे विरू द्यायची, हे पुष्कळदा मॉडेलरच्या हाताखाली ठरते.

द्रव्य : नावात माती असली तरी हा क्ले पेणच्या मूर्तिशाळांतल्या शाडूहून अगदी वेगळा आहे. शाडू पाण्यात मळतात आणि वाळताना तो आक्रसतो, तडकतो. औद्योगिक क्ले मेण, तेल आणि बारीक पूड यांचा बनलेला असल्याने वाळत नाही. भट्टीत सुमारे ६०° से.पर्यंत तापवला की तो लोण्यासारखा लागतो. थंड झाल्यावर इतका घट्ट होतो की पात्याने त्याची पातळ साल निघते. चुकलेला भाग खरवडावा, पुन्हा थापावा; महिनोन्‌महिने दुरुस्ती चालू शकते. जुन्या प्रकारांत गंधक असे व त्याचा वास स्टुडिओभर राही. अलीकडे गंधकविरहित क्लेही वापरतात.

इतिहास : मोटारीसाठी क्ले प्रथम कोणी वापरला याचे श्रेय एकाच व्यक्तीला देणे कठीण आहे. पद्धत रुजवली ती हार्ली अर्ल (१८९३–१९६९) यांनी. लॉस अँजेलिसमध्ये ते श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी मोटारींच्या बॉड्या बनवत. तेथील क्लेची कामे कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांच्या पाहण्यात आली आणि अर्ल यांच्याकडे ‘लासाल’ (१९२७) या मोटारीचे काम आले. १९२७ मध्येच कॅडिलॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सने त्यांच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ विभाग उघडला. तोवर लाकूड आणि ठोकलेला पत्रा यांतून एकेक भाग वेगळा बने आणि मोटार जोडल्यासारखी दिसे. क्लेमुळे बॉनेट, मडगार्ड, दिवे आणि पायफळी एकाच वस्तुमानातून काढता येऊ लागली. ‘ब्यूक वाय-जॉब’ (१९३८) या प्रायोगिक मोटारीचे लांब, सलग अंग याच पद्धतीचे फळ होय. युरोपात फ्लामिनियो बेर्तोनी हे मूळचे शिल्पकार. सित्रोएनच्या ‘त्राक्सियों अव्हां’ (१९३४) व ‘डीएस’ (१९५५) या मोटारींचे रूप त्यांनी दिले. अर्ल किंवा बेर्तोनी यांच्याबरोबर प्रत्यक्ष क्ले खरवडणाऱ्यांची नावे मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच सापडतात. ही मोठी उणीव आहे.

पद्धत : धातू-लाकडाच्या सांगाड्यावर फोम बसवून त्यावर गरम क्ले अंगठ्याने दाबून थापतात, म्हणजे आत हवा राहत नाही. मग दातेरी रेकने मोठे उंचवटे उतरवतात, सपाट स्क्रेपरने आकार साधतात आणि शेवटी लवचीक पोलादाच्या पातळ पट्टीने पृष्ठ गुळगुळीत करतात. रेषा आधी काळ्या टेपने लावून पाहतात. मॉडेल खालच्या सपाट मापन-पाटावरून मोजले जाते. एक बाजू मान्य झाल्यावर दुसरी तिच्या मापांवरून उतरवतात.

खरी परीक्षा प्रकाशाची. क्लेवर रंगीत, ताणून बसवायचे पातळ पटल चढवले की पृष्ठावर उजेडाचे पट्टे दिसतात. पट्टा कुठे थरथरला किंवा अचानक जाड झाला, तर तेथे बोटाला न जाणवणारी खोट आहे. हे ओळखणारी नजर वर्षानुवर्षांच्या हातकामातूनच येते आणि मॉडेलरचे मोल तिच्यावरच ठरते.

संगणकयुग : आज पाच अक्षांचे कटाई-यंत्र संगणकीय आराखड्यावरून क्ले कापते; हाताने सुधारलेले मॉडेल स्कॅन होऊन पुन्हा संगणकात जाते. पडदा प्रत्यक्ष आकार आणि उघड्यावरचा उजेड देत नाही, म्हणून हातकाम टिकून आहे.

भारत : पुण्यात टाटा मोटर्सचा डिझाइन स्टुडिओ आहे.

शिक्षण : शिल्पकला, साचेकाम किंवा औद्योगिक डिझाइन. उमेदवारी क्ले थापण्यापासून सुरू होते.